मागच्या बाकाचा इतिहास

एस.टी.च्या अगदी मागच्या बाकावर आपणहून बसायला कुणी राजी नसते. साखरप्याहून आंबा घाटाकडे निघालेली गाडी असो, की चिपळूणहून कुंभार्ली घाट चढणारी असो, पुढच्या जागा भरल्या की मगच माणूस नाइलाजाने मागे सरकतो. वाटेत खड्डा आला की पुढे बसलेल्याला नुसता हिसका बसतो. मागचा मात्र बाकावरून उडतो आणि त्याच्या मांडीवरची पिशवी खाली पडते. याचे कारण साधे आहे. तो बाक मागच्या चाकांच्याही मागे असतो. चाक वर उचलले गेले की त्याच्या मागे लोंबणारा भाग चाकापेक्षा जास्त उचलला जातो.

आज मला तुमच्याशी या मागच्या बाकाविषयीच बोलायचे आहे. चाक कसे आले, वाफेचे यंत्र कसे आले, मोटार कशी आली, हे आपण शाळेत शिकतो आणि शिकवतो. पण वाहनात बसलेल्या माणसाच्या पाठीला बसणारा धक्का कमी कसा होत गेला, हाही एक इतिहास आहे आणि तो आपल्या रोजच्या जगण्याच्या फार जवळचा आहे. हल्ली मुंबई-गोवा रस्त्यावर लांबच्या प्रवासासाठी बांधलेल्या मोठमोठ्या मोटारसायकली दिसतात. त्यांतल्या काहींच्या मागच्या चाकाशी हवेवर चालणारे शॉकअब्सॉर्बर असतात. गॅरेजातली मुले ज्याला ‘शॉकप’ म्हणतात तेच हे. मागे ओझे किती आहे ते पाहून मालक त्यांतली हवा कमी-जास्त करतो. त्या मूठभर हवेपर्यंत माणूस कसा पोहोचला, ते पाहू या.

सुरुवात आपल्याच वाडीतून करू. डोंगरावरच्या वाडीतून आजाऱ्याला खाली आणायचे झाले, की कोकणात डोली करीत. जिथे अजून रस्ता पोहोचलेला नाही, तिथे आजही करतात. एक भक्कम दांडा, त्याला टांगलेली झोळी किंवा खुर्ची आणि खांद्याला खांदा लावणारी चार माणसे, एवढेच ते वाहन. त्याला चाक नाही, म्हणून खड्डाही नाही. पाऊल खाली गेले तरी गुडघा वाकतो, खांदा झुकतो, झोळी थोडी हेलकावते आणि धक्का आजाऱ्यापर्यंत पोहोचता पोहोचता विरून जातो. पाण्याची कावड पाहिलेली माणसे तुमच्यात असतील. कावडीचा बांबू पावलागणिक वाकतो आणि सरळ होतो. कावडवाल्याची चाल त्या लयीशी जुळली, की भरल्या घागरीतले पाणी डचमळत नाही.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की ओझे पाहून बांबू निवडावा लागे. हलक्या ओझ्याला जाड बांबू घेतला तर तो वाकतच नाही, म्हणजे तो असून नसल्यासारखा. जड ओझ्याला बारीक बांबू घेतला तर तो वाकूनच राहतो आणि घागर वाटेतल्या दगडाला लागते. दुसरी गोष्ट पालखीच्या भोयांची. मागच्या भोयांना पुढची वाट दिसत नाही, म्हणून पुढचे भोई चालता चालता ओरडून सांगत, की दगड आहे, पाणी आहे, उतार आहे. मागच्याला वाट दिसत नाही, याची जाणीव त्यांच्या कामातच मुरलेली होती. या दोन गोष्टी आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहेत.

डोलीनंतर बैलगाडी. आमच्या घाटांतून पूर्वी बराचसा माल बैलांच्या पाठीवरून जाई. गाडीरस्ते झाले तशा गाड्या आल्या. जुन्या बैलगाडीला स्प्रिंग नसते. लोखंडी धावेचे चाक, त्यातून जाणारा आख आणि आखावर सरळ बसवलेली साटी. जांभ्याच्या रस्त्यावर पावसाळ्यानंतर ज्या चाकोऱ्या पडतात, त्यांतला प्रत्येक दगड या गाडीत बसलेल्याच्या कण्यापर्यंत पोहोचतो. त्यावर लोकांनी काढलेला उपाय म्हणजे पेंढा. बाळंतीण माहेरून सासरी निघाली, की गाडीत पेंढा पसरून वर घोंगडी अंथरीत. हापूस आंब्याच्या लाकडी पेटीतही पेंढाच घालतात. पेटी पूर्वीसारखी बंदरावरच्या आगबोटीत चढलेली असो की आताच्या मालमोटारीत, आंब्याला धक्का सोसत नाही हे बागायतदाराला पक्के ठाऊक असते. दबलेला आंबा रत्नागिरीत चांगला दिसतो आणि मुंबईत पेटी उघडल्यावर डागाळलेला निघतो.

गाडीवानाला आणखी एक विद्या येत असे, ती म्हणजे तोल. ओझे पुढे जास्त झाले तर जू बैलांच्या मानेवर बसते. ओझे मागे जास्त झाले तर गाडी उलाळ होते, म्हणजे मागे बसते आणि पुढचा भाग वर उचलला जातो. उलाळ गाडी घेऊन चढ चढणे किती धोक्याचे, हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून गाडी भरताना गाडीवान पोती पुढे-मागे सरकवून पाही, दांडी हाताने उचलून अंदाज घेई आणि मगच बैल जुंपी. ‘उलाळ’ हा शब्द लक्षात असू द्या.

स्प्रिंगची कथा पुढची. लंडनच्या ओबाडाया इलियट नावाच्या गाडी बांधणाऱ्याने १८०४ साली एका नव्या कमानीचे पेटंट घेतले. पोलादाच्या लांब पट्ट्या एकावर एक रचून, त्यांना धनुष्यासारखा बाक देऊन, अशा दोन कमानी समोरासमोर जोडायच्या आणि घोडागाडी त्यांवर बसवायची, अशी ती रचना. कावडीच्या बांबूचेच काम आता पोलाद करू लागले. आपल्याकडचे शिग्राम आणि टांगे असल्याच कमानींवर चालले. मोटार आली तेव्हा तिनेही हीच कमान उचलली. एस.टी.च्या किंवा मालमोटारीच्या चाकाशी वाकून पाहिले तर आजही पुष्कळ गाड्यांना या पट्ट्यांची चळत दिसते. आपण त्यांना ‘पाटे’ म्हणतो.

१ जून १९४८ रोजी पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, यांच्या दरम्यान सरकारी एस.टी.ची पहिली गाडी धावली. पुढे ती महाराष्ट्रातल्या गावोगावी गेली. रत्नागिरीला तर तिचा आधार फारच मोठा, कारण कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू व्हायला २६ जानेवारी १९९८ उजाडले. तोवर रत्नागिरीचा माणूस आधी बोटीवर आणि मग पाट्यांवरच्या गाडीवर अवलंबून होता. या पाट्यांची एक खोड प्रत्येक प्रवाशाने अनुभवली आहे. गाडी गच्च भरलेली असली की ती मऊ चालते. तीच गाडी दुपारच्या फेरीला रिकामी परतताना मात्र धडधडा उडते. मंडळी, यात चालकाचा दोष नाही. पाटे पूर्ण भरलेल्या गाडीच्या हिशोबाने बसवलेले असतात, रिकाम्या गाडीला ते वाकतच नाहीत. हलक्या घागरीला जाड बांबू, तीच ही गोष्ट.

म्हणजे प्रश्न असा उभा राहिला, की स्प्रिंग एकदा बनवली की ती एकाच ओझ्याला योग्य ठरते. ओझे मात्र दर फेरीला बदलते. ओझ्याबरोबर बदलेल अशी स्प्रिंग कुठून आणायची?

उत्तर हवेत होते. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६२ साली हवेचा एक नियम प्रसिद्ध केला. तापमान तेच ठेवून हवा निम्म्या जागेत कोंबली, तर तिचा दाब दुप्पट होतो. शिक्षकांना हा नियम वर्गात दाखवायला प्रयोगशाळा नको. सायकलचा पंप घ्या, त्याचे तोंड अंगठ्याने घट्ट बंद करा आणि दांडा खाली दाबा. सुरुवातीला दांडा सहज जातो. मग जड होतो, पुढे आणखी जड होतो आणि सोडला की आपोआप वर येतो. पोलादाची साधी स्प्रिंग दर बोटाला सारखाच जोर वाढवते. हवा मात्र जितकी दाबावी तितकी जास्त अडते. लहान खड्ड्याला मऊ आणि मोठ्या खड्ड्याला कडक, असा तिचा गुण आहे. शिवाय तिचा जोर पंपाने वाढवता येतो आणि हवा सोडून कमीही करता येतो.

चाकात हवा घालण्याची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाला १८४५ सालीच सुचली होती आणि त्याने तिचे पेटंटही घेतले होते. पण ते घोडागाडीचे दिवस होते. धंदा चालला नाही आणि लोक त्याला विसरले. पुढे बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाचा गुरांचा डॉक्टर होता. त्याच्या मुलाला एक तीनचाकी सायकल होती आणि दगडी रस्त्यावर तिचे हादरे फार बसत. बापाने त्या तीनचाकीला हवेच्या रबरी धावा बसवल्या आणि १८८८ साली पेटंट घेतले. नंतर थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आले आणि डनलॉपचे रद्द झाले. पण तोवर हवेचे टायर जगभर निघाले होते. आपल्या देशात बंगालमधल्या साहागंज येथे १९३६ साली डनलॉपचा कारखाना निघाला. बैलगाडीलाही रबरी टायर आले आणि उसाच्या मुलखात ‘टायरगाडी’ हा शब्द रुळला. लोखंडी धाव गेली, तसे बैलांच्या खांद्यावरचे हिसके कमी झाले आणि रस्तेही कमी चिरडू लागले.

टायरमधल्या हवेला मात्र मर्यादा आहे. आरामासाठी ती फार कमी केली तर टायर तापतो आणि झिजतो. म्हणून चाक आणि बैठक यांच्या मध्येच हवेचा वेगळा गोळा ठेवावा, असा विचार पुढे आला. इंग्लंडात आर्चिबाल्ड शार्प हे अभियंते होते. सायकल आणि तीनचाकी यांच्या रचनेवर त्यांनी १८९६ साली मोठा ग्रंथ लिहिला होता. त्यांच्या हवेच्या स्प्रिंगा बसवलेल्या मोटारसायकली पहिल्या महायुद्धापूर्वी विकल्याही गेल्या. पण हवा कोंडून ठेवील असे टिकाऊ रबर आणि चांगली सीले त्या काळी नव्हती, म्हणून ती कल्पना मागे पडली. १९५० नंतर अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या बसना पाट्यांऐवजी हवेचे फुगे आले. आपल्याकडे मुंबई-पुणे मार्गावर धावलेल्या व्होल्वो बांधणीच्या ‘शिवनेरी’ गाड्यांत पुष्कळांनी हा आराम पहिल्यांदा अनुभवला. चार माणसे चढोत की चाळीस, फुग्यांतली हवा आपोआप कमी-जास्त होते आणि गाडीची उंची तीच राहते.

आता मोटारसायकलकडे वळू. ओझ्याच्या बदलाचा त्रास तिला सर्वांत जास्त होतो. समजा, दहा टनांच्या बसमध्ये तीन टन माणसे बसली. म्हणजे गाडीच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी भर पडली. पण पावणेदोनशे किलोच्या मोटारसायकलवर नवरा, बायको, मूल आणि भाताचे अर्धे पोते बसले, तर जवळजवळ गाडीइतकेच ओझे झाले. त्यातले बरेचसे मागच्या चाकावर येते. असे असूनही कितीतरी वर्षे मोटारसायकलच्या मागच्या चाकाला स्प्रिंगच नव्हती. चाक सांगाड्यात पक्के बसवलेले असे आणि चालवणाऱ्याच्या बैठकीखाली तेवढ्या दोन स्प्रिंगा असत. मागे बसणाऱ्याचे हाल विचारू नका.

१९४९ च्या बुलेट मोटारसायकलला मागे झुलता दांडा आणि तेलाचे शॉकअब्सॉर्बर आले. हीच बुलेट १९५५ पासून मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, तयार होऊ लागली. अमेरिकेच्या हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या गाड्यांना मागची स्प्रिंग मिळायला १९५८ साल उजाडले. स्प्रिंगच्या जोडीला तेल का लागते, असे कुणी विचारील. नुसती स्प्रिंग एकदा दबली की खालीवर नाचतच राहते. शॉकअब्सॉर्बरमधले तेल बारीक भोकांतून कष्टाने जाते आणि तो नाच थांबवते. भार तोलून धरायचे काम स्प्रिंगचे, आवरायचे काम तेलाचे.

पुढे होंडा कंपनीने १९८० च्या गोल्ड विंग या प्रवासी मोटारसायकलला पुढे आणि मागे हवेची सोय दिली. पुढच्या काही गाड्यांत तर पंपाऐवजी लहान कॉम्प्रेसरच बसवला. हार्लेनेही आपल्या प्रवासी गाड्यांच्या मागच्या बाजूला हवेचे शॉकअब्सॉर्बर दिले आणि २००९ सालापासून निघालेल्या तीनचाकी ट्रायकलाही तेच बसवले. डनलॉपच्या मुलाची तीनचाकी आणि ही तीनचाकी यांच्यामध्ये सुमारे सव्वाशे वर्षे उभी आहेत. पण दोन्हींचे दुखणे एकच आणि औषधही एकच.

परदेशी ट्रायक आपल्या रस्त्यावर विरळाच. पण तीन चाकांशी आपली ओळख जुनी आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीने जर्मन बनावटीचा तीनचाकी मालवाहू ‘टेम्पो’ इथे काढला आणि तो शब्दच मराठी झाला. १९५९ साली बजाज ऑटोला दोन आणि तीन चाकी गाड्या बनवण्याचा परवाना मिळाला आणि रिक्षा गावोगाव पोहोचली. रत्नागिरीच्या स्टॅंडवरून उतारू घेऊन निघालेली रिक्षा मागे किती बसली आहे, ते पाहूनच आत किती माणसे आहेत हे लांबून ओळखता येते.

आता या हवेचा वापर कसा करायचा, तेही थोडक्यात सांगतो. गाडी सपाट जागेवर आणि थंड असताना दाब पाहावा, कारण चालून तापलेल्या शॉकअब्सॉर्बरमध्ये दाब वाढलेला असतो. हवा हातपंपाने भरावी. आतली जागा अगदी लहान असते; पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरचा एक फवारा गेला, की दाब क्षणात मर्यादेपलीकडे जातो आणि सील फाटू शकते. दाब मोजतानाही थोडी हवा निसटते आणि तेवढ्यानेसुद्धा काटा उतरतो, हे ध्यानात ठेवावे. हवा सोडायची ती हळूहळू, तोंड बाजूला ठेवून. हवेबरोबर तेलाचे थेंब उडण्याचा संभव असतो. कोणत्या ओझ्याला किती पौंड, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात दिलेले असते. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला चालवू नये. ट्रायकला तर मागे दोन बाजू असतात. दोन्हींकडे दाब सारखा हवा, नाहीतर गाडी एका अंगाला कलते.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, आमच्याकडे कुठे असल्या गाड्या? तर ऐका. तुमच्या साध्या मोटारसायकलच्या मागच्या शॉकअब्सॉर्बरला तळाशी किंवा वर एक खाचांचे कडे बहुधा असते. हुकासारख्या वाकड्या पान्याने ते फिरवले, की स्प्रिंग आधीच थोडी दाबून बसते आणि ओझ्याखाली गाडीचा मागचा भाग कमी खचतो. हवेचे कामही त्याच जातीचे आहे. फरक इतकाच, की हवा भरल्याने कडकपणाही वाढतो. पुष्कळ घरांत गाडी दहा-दहा वर्षे चालते आणि दुकानातून आली तेव्हा कडे ज्या खाचेत होते त्याच खाचेत राहते. एकटा शिक्षक शाळेत जातो तेव्हाही तीच खाच आणि गणपतीला चौघे भरून जातात तेव्हाही तीच. खरे म्हणजे चौघांनी एका गाडीवर बसूच नये. ते कायद्यालाही धरून नाही आणि जिवालाही.

खाच बरोबर आहे का, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी करा. चाकाच्या मध्यापासून वर एखाद्या खुणेपर्यंतचे अंतर मोजा. मग नेहमीची माणसे बसवून तेच अंतर पुन्हा मोजा. शॉकअब्सॉर्बर एकंदर जितका दबू शकतो, त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढी गाडी बसली, तर ठीक. त्याहून जास्त बसली तर खाच वाढवा. काहीच बसली नाही तर कमी करा.

हे न केले तर काय होते? आपल्या जुन्या गाडीवानाला विचारा. तो एका शब्दात सांगेल, गाडी उलाळ होते. मागचा भाग खचला की पुढचे चाक हलके पडते. घाटातल्या वळणावर हँडल नीट धरत नाही. पुढचा दिवा वर उचलला जातो, आपल्याला रस्ता दिसत नाही आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. शॉकअब्सॉर्बर तळाला टेकले की खड्ड्याचा सगळा मार मागे बसलेल्याच्या कण्यावर जातो. एकटाच बसला असताना खाच फार कडक ठेवली, तर चाक जमिनीला धरून राहत नाही, उड्या मारते. पावसात ते फार वाईट.

आणि मागे कोण बसते, याचा विचार करा. एका बाजूला पाय सोडून बसलेली बायको, तालुक्याच्या दवाखान्यात निघालेली आई, परीक्षेला चाललेली मुलगी. त्यांच्या हातात हँडल नाही. पुढचा खड्डा त्यांना दिसत नाही, म्हणून शरीर सावरायलाही वेळ मिळत नाही. ज्याच्या हातात पाना आणि पंप, तो नेमका पुढे बसलेला असतो. त्याला बसणारा धक्का कमी. वाहनांच्या इतिहासात हे वारंवार घडले आहे. आराम आधी बग्गीतल्या धनिकाला मिळाला, मग मोटारवाल्याला, मग बसच्या पुढच्या बाकाला. मागचा बाक नेहमी शेवटी आला.

तेव्हा पुढच्या वेळी कुणाला मागे बसवून घाटात निघाल, तर आधी खाली वाकून ती खाच पाहा, हवा असेल तर हवा पाहा आणि दोन-चार कोस गेल्यावर थांबून मागच्या माणसाला विचारा, की धक्का बसतो का. पालखीचा भोई मागच्याला वाट ओरडून सांगत असे. आपल्या हाती तर पाना आहे. एवढे विचारायला आपल्याला जड जाऊ नये.